तिथीची पाऊणपट

आमच्या घरापासून खरा समुद्र गाठायचा म्हटलं तर गाडीनं अख्खा दिवस मोडतो. तरी रोज सकाळी चहाचा कप हातात आला की हे मला विचारतात, "आज भरती किती वाजता?" खिडकीबाहेर शेजाऱ्याचं लॉन असतं, नाहीतर बर्फ असतं. मिशिगनमधल्या ट्रॉयमध्ये दुसरं काय असणार? मी बिस्किटांचा डबा पुढे सरकवते आणि उत्तर देते.

हे म्हणजे माझा नवरा. जन्मभर मोटारींचे ब्रेक डिझाइन केले आणि स्वतः बोलायला लागले की थांबायचं नाव नाही, असा माणूस. आता बोलणं आटलं आहे. माणसं, खोल्या, वर्षं एकेक करून यांच्या हातून सुटत चालली आहेत. डॉक्टरांनी त्याला एक लांबलचक नाव दिलं आहे. माझ्यापुरतं ते सगळं फ्रान्सच्या एका किनाऱ्यावर, भर दुपारी, पाण्यात उभं असताना सुरू झालं, म्हणून मी तिथूनच सांगते.

ट्रिप मुलीनं ठरवली होती. ती तिकडे सिअॅटलजवळ बॉथेलला असते, एकुलती एक, सॉफ्टवेअरमध्ये. बाबा रिटायर झाले, आता त्यांना समुद्र दाखवायचा असं तिनं घेतलं मनावर. फ्लोरिडा झालं होतं, कॅलिफोर्निया झालं होतं, पण "तिथे नुसतं बीच असतं, समुद्र नसतो," ही यांची तक्रार. मग तिनं ब्रिटनीमधलं एक खेडं शोधून काढलं. दगडी घर भाड्यानं, स्वयंपाकघर आपलं आपण वापरायचं, आणि समोर असा समुद्र की ओहोटीला मैलभर मागे जातो. समोर एक लहानसं बेट होतं, त्यावर जुनं प्रार्थनाघर. पाणी हटलं की वाळूवरून चालत जायचं आणि पाणी यायच्या आत परत यायचं. फोटो बघूनच हे हरखले. म्हणाले, "अगं, ही तर आमची खाडी!"

यांचं गाव कोकणात खाडीच्या अलीकडे आणि शाळा पलीकडे. ओहोटी असली की मुलं चिखल तुडवत चालत जायची, भरती असली की होडीनं. त्यामुळे पाणी कधी चढणार हे कळणं म्हणजे तिथे शाळेची घंटा कळण्यासारखं. त्याचं एक गणित आहे. तिथीची पाऊणपट करायची. म्हणजे तिथीला तीनानं गुणायचं, चारानं भागायचं, जो आकडा येईल तितक्या वाजता भरती पूर्ण. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला बाराच्या आसपास. लग्न होऊन मी त्या घरी गेले तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात मला ते शिकवायला घेतलं. मी नागपूरची. आमच्याकडे समुद्र भूगोलाच्या पुस्तकात. मी हसून सोडून दिलं, तर सासूबाई यांना म्हणाल्या, "हिला एकटीला खाडीत सोडू नकोस रे बाबा!" पुढे मी चिडवायचं ठरवलं की यांना आज तिथी कुठली म्हणून विचारायची, आणि हे गाडी चालवता चालवता, बर्फात, सिग्नलला, कुठेही न अडखळता सांगायचे. आमच्या मराठी मंडळात गणपती इथल्या कुठल्या दिवशी बसवायचे यावरून दरवर्षी हमरीतुमरी होते. शेवटचा शब्द यांचा असायचा.

तर आम्ही फ्रान्सला पोचलो. बॅगेत नेहमीप्रमाणे अर्धं स्वयंपाकघर होतं: छोटा कुकर, मालवणी मसाल्याची पुडी तीन पिशव्यांत गुंडाळलेली, कोकमं, मेतकूट. पोरगी म्हणाली, "आई, पीपल गो टु फ्रान्स फॉर द फूड, यार!" मी म्हटलं, जा तू, खा. पहिल्या संध्याकाळी घरमालकीणबाईंनी कुट्टूच्या, म्हणजे बकव्हीटच्या, पिठाचं काळसर धिरडं आणून दिलं, वर लोण्याचा गोळा. हे त्याच्याबरोबर मेतकूट खाऊन तृप्त झाले.

दुसऱ्या दिवशी पौर्णिमा होती. मुलीला ऑफिसचा कॉल आला आणि ती घरी थांबली. दार लावताना तिनं सांगितलं, "बाबा, प्लीज, निघायच्या आधी टाइड टेबल चेक करा. मी अॅप टाकून दिलंय फोनवर."

"समुद्राला अॅप लागत नाही," हे म्हणाले. "पौर्णिमा आहे. बाराला भरती पूर्ण, संध्याकाळी सहापर्यंत ओहोटी. चल गं."

जेवण करून आम्ही किनाऱ्यावर आलो तेव्हा पाणी दूरवर गेलेलं होतं. यांच्या हिशेबात तंतोतंत बसलं. बारापासून उतरतंय, अजून सहापर्यंत उतरत राहणार. मीही कौतुकानं पाहिलं यांच्याकडे. सात समुद्रांपलीकडे येऊन सासूबाईंचं गणित जुळतंय म्हणजे काय!

वाळू ओली आणि घट्ट होती. गमबूट घातलेली माणसं बादल्या आणि लहान दाताळी घेऊन शिंपल्या उकरत होती. हे दर दहा पावलांवर वाकायचे. वाळूत दोन बारीक भोकं दिसली की बोट घालायचे आणि तिसरी, म्हणजे कोकणातली खायची शिंपली, वर काढायचे. एक वर काढली, माझ्या हातावर ठेवली आणि परत वाळूत पुरली. "अजून लहान आहे," म्हणाले. चप्पल हातात, पँट दुमडलेली, डोक्यावर माझा स्कार्फ बांधलेला. इतके खुशीत मी यांना कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं. बेटावर पोचलो. त्या प्रार्थनाघराच्या भिंतीला टेकून आम्ही थर्मासमधला चहा प्यायलो, मी आणलेली खारी शंकरपाळी खाल्ली. यांनी खाडीच्या, शाळेच्या, होडीवाल्याच्या गोष्टी सांगितल्या, मी हजारदा ऐकलेल्या. पुन्हा ऐकल्या. खाली एकेक करून गमबूटवाले परत निघाले होते. जाताना एका म्हाताऱ्यानं हात वर करून आम्हाला काहीतरी सांगितलं आणि मनगटावर बोट आपटलं. हे हसून हात हलवत राहिले. "त्याला घरी जायची घाई आहे," असं मला सांगितलं.

मला पाणी आधी दिसलं. दूर नव्हतं ते, मधल्या सखल भागात दोन्हीकडून आत शिरत होतं, आवाज न करता. "अहो, पाणी येतंय का?" मी विचारलं. हे उठून उभे राहिले. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "असं कसं होईल?"

आम्ही झपाझप उतरलो आणि निघालो. अर्ध्या वाटेत पाणी घोट्याला लागलं, मग गुडघ्याला. थंड इतकं की पाय आपले वाटेनात. किनाऱ्यावरून माणसं ओरडत होती, त्यांच्यात माझी मुलगी आहे हे तिच्या पिवळ्या जॅकेटवरून कळलं. मी यांचा हात घट्ट धरला होता. भर मध्यावर हे थांबले.

"चला की!" मी खेकसले. मला पोहता येत नाही, आणि भीती वाटली की मी खेकसते.

हे किनाऱ्याकडे बघत नव्हते. खाडीच्या तोंडाकडे बघत होते, शांतपणे. "थांब गं," म्हणाले. "होडी येईल एवढ्यात. त्याला हाक मारली की येतो तो. आई वाट बघत असेल पलीकडे."

यांची आई जाऊन तेव्हा तीस वर्षं होऊन गेली होती.

मी काय बोलले ते आठवत नाही. ओढलं असणार, यांचे पाय हलले नाहीत. पाणी मांड्यांपर्यंत आलं. मग बाजूच्या कालवांच्या, म्हणजे ऑयस्टरच्या, शेतीकडून एक ट्रॅक्टर पाणी उडवत आला, त्यावर रबरी कपड्यातली एक दणकट बाई. तिनं काही न विचारता आम्हाला मागच्या गाडीवर चढवलं, टोपल्यांच्या मध्ये. हे माझ्याकडे वळून समाधानानं म्हणाले, "बघ, आली की नाही?" आणि त्या बाईला मराठीत सांगितलं, "सावकाश घ्या, बाईमाणूस आहे बरोबर." तिनं मान हलवली.

किनाऱ्यावर उतरेपर्यंत हे परत आले होते. म्हणजे परत आपल्या वयात आले होते. घरमालकीणबाईंनी ब्लँकेटं आणली, मुलगी रडत होती, रडता रडता ओरडत होती. "आय टोल्ड यू! बाबा, यू कुड हॅव डाइड! व्हॉट वेअर यू थिंकिंग?" हे ब्लँकेटमध्ये गुंडाळून बसले होते, ओठ निळे. एकच वाक्य पुन्हापुन्हा म्हणत होते, "गणित चुकलं कसं माझं?"

त्या रात्री मुलगी मला बाजूला घेऊन म्हणाली की बाबांचं काहीतरी ठीक नाहीये, टेस्ट करायला हव्यात. मी उसळले. मग तिनंच फोनवर शोधून मला दाखवलं: दर किनाऱ्याची भरतीची वेळ वेगळी असते. कोकणात पौर्णिमेची भरती दुपारी, इथे ती संध्याकाळी. पाऊणपटीचा हिशेब फक्त आपल्या किनाऱ्यापुरता. मला तेवढंच हवं होतं. "बघ!" मी तिला म्हटलं. "गणित बरोबरच होतं. समुद्र दुसरा होता. यात आजार कुठे आला?" पुढचे कितीतरी महिने मी हे वाक्य सगळ्यांना ऐकवत होते, मंडळात, फोनवर, डॉक्टरांना. आणि ते खरंही होतं. भरती चुकणं यांची चूक नव्हती. होडीचं मात्र मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते झालं आहे असं मला मानावं लागलं असतं.

यांना मी सांगितलं, की अहो, समुद्र वेगळा, म्हणून वेळ वेगळी. हे "हो का," म्हणाले. पण माणूस मिटला तो मिटलाच. पुढचे दिवस ठरल्याप्रमाणे ट्रिपा झाल्या. तटबंदीच्या गावात गेलो, तटावरून चक्कर मारली. कड्यावरच्या पायवाटेनं चाललो. दोन्ही बाजूंना जांभळी फुलं आणि खाली फेसाळलेलं पाणी. एक दिवस मुलीनं सायकली भाड्यानं घेतल्या, माझी तीन चाकांची, त्यावरून ती दिवसभर हसली. बोटीतून पक्ष्यांच्या बेटाला वळसा घातला. फोटोत आम्ही तिघंही हसतोय. पण वळण आलं की हे थांबून मला विचारायचे, "इकडूनच ना?" पूर्वी हा माणूस नकाशा न बघता अख्खा मिडवेस्ट चालवायचा. आता घराचं दार उघडताना किल्ली माझ्या हातात द्यायचे. मला त्या किल्लीचा इतका राग यायचा. उघडा ना तुम्ही, असं मी म्हणायचे, आणि मग मीच उघडायचे.

शेवटच्या दिवशी घरमालकीणबाई यांना खुणेनं बोलावून ओहोटीला शिंपल्या काढायला घेऊन गेल्या. हे नको नको म्हणत गेले आणि बादली भरून आले. त्या बाईंनी मला अंगठा दाखवला. मी मालवणी मसाल्यात तिसऱ्यांचं सुकं केलं, बाई दोन वेळा मागून जेवल्या. यांनी शिंपल्या चोखून चोखून ताटाच्या कडेला रचल्या. मी मनात म्हटलं, झालं, सगळं ठीक आहे, उगाच घाबरलो आपण.

टेस्ट झाल्याच. मुलगी बॉथेलहून आली आणि आम्हाला डॉक्टरांकडे घेऊन गेली. तरुण डॉक्टर होती, गोड बोलणारी. तिनं विचारलं, आज तारीख कुठली? हे थोडा वेळ खिडकीकडे बघत राहिले आणि मराठीत म्हणाले, "वद्य षष्ठी." मुलीनं डोळे मिटले. डॉक्टर तिच्याकडे बघायला लागली. मुलीनं काहीतरी समजावून सांगितलं, पण खूण चुकीवरच झाली. घरी येऊन मी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. वद्य षष्ठीच होती. मी त्या कॅलेंडरसमोर उभी राहून खूप रडले. मुलीला हाक मारून दाखवलं, तर ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाली, "आय नो, आई. बट ही डिडंट नो द मंथ." मग तीही रडली.

त्यानंतर गाडीची किल्ली गेली. मंडळात जाणं गेलं, कारण लोक मोठ्यानं बोलायला लागले यांच्याशी, बहिऱ्याशी बोलावं तसं. हळूहळू तिथ्याही गेल्या. ज्या सकाळी यांनी पहिल्यांदा मला विचारलं, "आज तिथी कुठली?" त्या सकाळी मला कळलं की आता हा प्रश्न चिडवण्यासाठी राहिलेला नाही.

उन्हाळ्यात मी यांना लेकवर, इथल्या मोठ्या सरोवरावर, घेऊन जाते. लेक ह्यूरॉन एवढं मोठं आहे की पलीकडचा काठ दिसत नाही; माहीत नसेल तर समुद्रच वाटावा. दोन लॉन चेअर, थर्मास, डब्यात दडपे पोहे. पोरं कयाक घेऊन आत जातात, कुत्री पाण्यात उड्या मारतात. आम्ही बसतो. सुरुवातीला हे "ओहोटी कधी?" विचारायचे आणि मी खरं सांगायचे, "अहो, हे लेक आहे. इथे भरती-ओहोटी नसते." दर वेळी यांचा चेहरा पडायचा, पाण्यातून बाहेर आल्यावर किनाऱ्यावर पडला होता तसा. माझं काहीतरी चुकलं, असा. आणि परत थोड्या वेळानं तोच प्रश्न, तोच चेहरा. दिवसातून किती वेळा मी त्या माणसाला पाडायचं? मग मी नाद सोडला. आयुष्यभर नाही शिकले ते गणित शिकले. सकाळी कॅलेंडर बघते, तिथीची पाऊणपट करते आणि सांगते. यांचा चेहरा मोकळा होतो. सासूबाई असत्या तर माझी पाठ थोपटली असती.

परवाची गोष्ट. लेबर डे होऊन गेला होता, म्हणजे इथला उन्हाळा संपल्यातच जमा; काठावर फारसं कुणी नव्हतं. वाऱ्याला गारवा होता. मी यांच्या खांद्यावर शाल घातली. यांनी पाण्याकडे बघत विचारलं, "भरती किती वाजता?"

"आज चतुर्थी," मी म्हटलं. "चार त्रिक बारा, बाराचे चार भाग केले की तीन. तीनला पूर्ण. मग ओहोटी लागेल."

हे माझ्याकडे वळले. बारकाईनं बघितलं, परकं माणूस ओळखीचं निघावं तसं, कौतुकानं. "अरे वा," म्हणाले. "तुम्हाला पाऊणपट येते? तुम्ही कोकणातल्या वाटत नाही."

"मी नागपूरची."

"मग कुणी शिकवलं?"

मी यांच्या खांद्यावरची शाल सारखी केली. "माझ्या नवऱ्यानं."

"खाडीकाठचा असणार," हे म्हणाले.

"हो."

"मग बरोबर असणार गणित. विश्वास ठेवा त्याच्यावर." आणि परत पाण्याकडे बघायला लागले. मी डबा उघडला, पोहे वाढले, आम्ही खाल्ले. लाटा येत होत्या आणि होत्या तिथेच फुटत होत्या. ऊन कलायला लागलं तेव्हा मी खुर्च्या मिटल्या. हे उठून उभे राहिले, पायातले बूट काढले, पँट दुमडली आणि माझ्यापुढे हात केला.

"हात द्या," म्हणाले. "पाणी चढायच्या आत तुम्हाला पलीकडे सोडतो. नवरा वाट बघत असेल तुमचा."

मी हात दिला. गवतावरून, कोरड्या जमिनीवरून, हे एकेक पाऊल चाचपत मला घेऊन निघाले, आणि गाडीपर्यंत पोचेस्तोवर यांनी माझा हात सोडला नाही.